बर्फावरचे पहिले धडे आणि ते तपासणारे डोळे

बॉस्टनच्या पश्चिमेला असलेल्या एका छोट्या गावात आम्ही राहतो आणि गेली साडेतीन वर्षे माझी मुलगी गावाच्या मालकीच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या बंदिस्त मैदानावर, फिगर स्केटिंग शिकते आहे. अभ्यासक्रम ‘लर्न टू स्केट यूएसए’चा, म्हणजे देशभर एकाच पद्धतीने शिकवला जाणारा, आमच्याकडे तो राबवतो गावातलाच एक जुना स्केटिंग क्लब. थंडी पडू लागली की मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात चार-दोन पालक तरी मला बाजूला घेऊन विचारतात, की मुलांना तिथे घालावे का, पडून लागत नाही का, आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून जाण्यासारखे त्यात आहे तरी काय. दर वर्षी घाईघाईत अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहावे असे ठरवले. क्लबचे नाव देत नाही, कारण तिथे लहान मुले येतात, आणि ज्यांच्याविषयी मला सर्वांत जास्त लिहायचे आहे त्या बाईंना स्वतःचे नाव कुठे छापून आलेले आवडणार नाही.

माझे मत आधीच सांगते. या सेवेतला जो भाग आपण पैसे मोजून घेतो तो चांगला आहे. जो भाग आपल्याला विनामूल्य मिळतो तो त्याहून कितीतरी मोलाचा आहे, आणि तो नेमका कोणता हे कळायला मला पुरते एक वर्ष लागले.

सत्र आठ आठवड्यांचे असते. शनिवारी सकाळी अर्धा तास गटाचा वर्ग आणि त्याला जोडून वीस मिनिटे सरावासाठी मोकळा बर्फ मिळतो. अगदी लहानांसाठी ‘स्नोप्लाउ सॅम’ नावाच्या चार पायऱ्या आहेत, त्यांच्याहून मोठ्या मुलांसाठी ‘बेसिक’च्या सहा, आणि त्या संपल्या की उड्या आणि गिरक्यांचे ‘फ्री स्केट’चे वर्ग सुरू होतात. कोणत्या पायरीवर काय यायला हवे हे ठरलेले असल्यामुळे मूल एका गावातून दुसऱ्या गावात गेले तरी त्याचे शिकणे तुटत नाही. नोंदणीबरोबर एक छोटी नोंदवही मिळते, पायरी पार केली की तिच्यात चिकटवायला चिकटपत्र मिळते, आणि वार्षिक सदस्यत्वात अपघात विम्याचे संरक्षणही असते. पहिल्या दिवशी पहिला धडा होतो तो पडण्याचा. तोल जातो आहे असे वाटताच गुडघे वाकवायचे, कुशीवर पडायचे, बोटे मुठीत घ्यायची, मग गुडघ्यांवर यायचे, एक पाऊल समोर रोवायचे, त्या गुडघ्यावर दोन्ही हात ठेवायचे आणि उठायचे. माझी मुलगी त्या अर्ध्या तासात सतरा वेळा पडली, हे तिनेच मोजले होते, आणि सतराही वेळा कोणीही तिला हात देऊन उठवले नाही. काचेबाहेर बसलेल्या मला त्या वेळी त्याचा राग आला होता. आज मी नव्या पालकांना हाच धडा सर्वांत आधी सांगते, आणि त्याबरोबर हेल्मेट, पाणी न झिरपणारी विजार आणि हातमोज्यांचे दोन जोड घ्यायला सांगते, कारण पहिला जोड पंधरा मिनिटांत भिजतो.

रिंकवर भाड्याने मिळणारे स्केट्स मात्र घेऊ नयेत. ते घोट्याशी इतके ढिले झालेले असतात आणि त्यांची पाती इतकी बोथट असतात की मूल बर्फावर तोल सांभाळण्यापेक्षा बुटाशी झगडण्यातच दमून जाते. आमचे पहिले सहा शनिवार त्यातच गेले. दुसऱ्या हाताने घेतलेले, पण घोट्याला घट्ट बसणारे बूट चालतील.

पात्याला धार लावणे हा वेगळा विषय आहे आणि त्यात मी स्वतः ठेच खाल्ली आहे. कोल्हापूरला आमच्या गल्लीत सायकलवर सहाण घेऊन धारवाला यायचा, विळी-सुरी त्याच्या हाती दिली की काम झाले. तशाच समजुतीने मी नवे स्केट्स खेळाच्या सामानाच्या एका मोठ्या दुकानात देऊन आले. तिथल्या मुलाला हॉकीच्या पात्यांचीच सवय होती. फिगर स्केटच्या पात्याला पुढे दाते असतात, उडीसाठी त्यांचाच आधार असतो, आणि त्यांतला सर्वांत खालचा दाता त्याने घासून जवळजवळ नाहीसा केला. पाते वाया गेले. नंतर क्लबमधल्या एका आईने मला चाळीस मिनिटांच्या अंतरावरच्या एका कारागिराकडे पाठवले. गॅरेजमध्ये एकच यंत्र मांडून बसलेल्या त्या गृहस्थांनी आधी मुलीचे वजन विचारले, ती आठवड्यातून किती तास बर्फावर असते ते विचारले, आणि मग पाते हातात घेतले. हे पाते जेमतेम चार मिलिमीटर जाड असते आणि त्याच्या तळाशी लांबीभर एक उथळ पन्हळ कोरलेली असते, त्यामुळे एका पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा मिळतात. पन्हळ खोल असली तर पाते बर्फाला घट्ट धरते, उथळ असली तर सहज घसरते. नवशिक्या मुलाला फार खोल देत नाहीत. काम झाल्यावर त्यांनी पात्यावर एक नाणे आडवे ठेवले, ते दिव्यासमोर धरले आणि मला पाहायला सांगितले. नाणे एका बाजूला झुकले असते तर एक धार दुसरीपेक्षा उंच राहिली असा त्याचा अर्थ होता. ते अगदी समतल होते. त्या दिवसापासून आम्ही दुसरीकडे गेलो नाही.

आता त्या बाईंविषयी. मुलगी त्यांना घरी ‘परीक्षक आजी’ म्हणते, तेच नाव इथेही वापरते. पंचाहत्तरी गाठलेली, अंगाने सडपातळ, जाड लोकरीचा कोट, गुडघ्यांवर चौकड्यांची घोंगडी आणि बाजूला चहाचा थर्मास. पहिले वर्षभर मला त्या कोणाच्या तरी आजीच वाटत होत्या. दर शनिवारी त्या रिंकच्या फाटकाशी उभ्या राहून लहान मुलांच्या हेल्मेटचे पट्टे तपासत, हातमोजे विसरलेल्याला आपल्या पिशवीतला जोड देत, आणि सत्र सुरू झाले की काचेजवळ बसून राहत. त्या सातव्या वर्षापासून बर्फावर आहेत, पंचविशीच्या आत स्पर्धा खेळून झाल्या, त्यानंतर पन्नास वर्षे त्या परीक्षक आहेत आणि या सगळ्या वर्षांचे त्यांना मानधन म्हणून काहीही मिळालेले नाही, हे मला दुसऱ्या वर्षी कळले. अमेरिकेत फिगर स्केटिंगचे परीक्षक स्वयंसेवक असतात. प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च मिळतो. वेळेचा मोबदला मिळत नाही. शिवाय कोणालाही उठून परीक्षक होता येत नाही. आधी अनेक सत्रे अनुभवी परीक्षकांबरोबर बसून ज्यांची गणना होत नाही असे गुण द्यावे लागतात, ते त्यांच्या गुणांशी ताडून पाहिले जातात, आणि मग खालच्या पायरीच्या परीक्षांपासून हळूहळू वर नेमणूक होत जाते. राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचायला कित्येक वर्षे जातात. आजी तिथपर्यंत पोहोचल्या, आणि तरी शनिवारी त्या सहा वर्षांच्या मुलांच्या हेल्मेटचे पट्टे तपासतात.

त्यांनी माझ्या मुलीला एका सकाळी जे दाखवले ते मी शब्दांत मांडण्याचा प्रयत्न करते. झॅम्बोनीचे यंत्र नुकतेच फिरून गेले होते. हे यंत्र बर्फाचा वरचा थर तासून घेते आणि मागे गरम पाण्याचा पातळ हात देत जाते, त्यामुळे पाच-सात मिनिटे संपूर्ण रिंक आरशासारखी कोरी असते. वर्गाला अवकाश होता. आजींनी रबरी बूट चढवले, मुलीला मधोमध नेले आणि उजव्या पायाच्या बाहेरच्या धारेवर फक्त एक वर्तुळ काढायला सांगितले. मुलीने काढले आणि शाबासकीच्या अपेक्षेने पाहिले. आजी तिच्याकडे पाहतच नव्हत्या. त्या वर्तुळाच्या रेषेवरून पावले मोजत चालल्या, एका जागी थांबल्या, गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकल्या आणि म्हणाल्या, “ये, तू काय लिहिले आहेस ते वाच.” मीही फाटकातून आत जाऊन पाहिले. सुरुवातीला केसाएवढी बारीक, एकच स्वच्छ रेषा होती. अर्ध्या वाटेवर तिच्या दोन समांतर रेषा झाल्या होत्या, हातभर तशाच जाऊन पुन्हा एक झाल्या होत्या. बाहेरच्या धारेवर तोल असला की एकच धार बर्फ कापते. तोल सरळ झाला की दोन्ही धारा टेकतात आणि दोन रेषा उमटतात. “इथे तुझी मान खाली गेली,” आजी म्हणाल्या. मुलगी गप्प राहिली, कारण ते खरे होते. पुढे वर्तुळ जिथे मिटायला हवे होते तिथून वीतभर आत वळले होते, आणि त्या टोकाशी बर्फाचा बारीक चुरा पडला होता. “आणि इथे तू घाबरून दाते टेकवलेस.” मुलगी स्केटिंग करत असताना आजींनी पाहिलेच नव्हते असे मला वाटते. त्यांनी केवळ रेषा वाचली.

ही विद्या आता फार थोड्यांकडे उरली आहे. या खेळाच्या नावातच ‘फिगर’ आहे ते याच आकृत्यांमुळे. एके काळी स्पर्धेत आधी या सक्तीच्या आकृत्या काढाव्या लागत, एकच आकृती त्याच रेषेवरून तीनदा, आणि परीक्षक बर्फावर उतरून, वाकून, तीन रेषा एकमेकींवर किती बसल्या ते पाहत. १९६८ पर्यंत एकूण गुणांतले साठ टक्के यांनाच असत. १९७२च्या ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रियाच्या ट्रिक्सी शूबा यांना सुवर्णपदक मिळाले ते मुख्यतः आकृत्यांवर. मुक्त स्केटिंगमध्ये प्रेक्षकांना वेड लावणाऱ्या जॅनेट लिन तिसऱ्या राहिल्या. दूरदर्शनच्या प्रेक्षकांना हे समजेना, आकृत्यांचे वजन कमी होत गेले, आणि १९९०नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून त्या पूर्णपणे गेल्या. प्रेक्षक म्हणून मला त्याचे दुःख नाही, तासन्‌तास आकृत्या पाहत बसणे मलाही जमले नसते. पण शिकणाऱ्या मुलीची आई म्हणून वाटते, की आपल्या चुकीची खूण आपल्याच पायाखाली वाचायला शिकवणारी दुसरी शाळा मी कुठेही पाहिलेली नाही. आजींनी या आकृत्यांची सर्वांत वरची, सुवर्ण परीक्षा दिली होती आणि तिसऱ्या प्रयत्नात ती पार केली होती. हा तिसरा प्रयत्न त्या मुलांना आवर्जून सांगतात.

आता परीक्षांकडे वळते, कारण या सेवेचा हाच भाग मला सर्वांत श्रेष्ठ वाटतो. बेसिकच्या पायऱ्या वर्गातले प्रशिक्षकच तपासतात. त्यापुढे ज्या मुलांना जायचे असते त्यांच्यासाठी यूएस फिगर स्केटिंग या राष्ट्रीय संस्थेच्या औपचारिक परीक्षा असतात. पहिल्या परीक्षेत रिंकला वळसा घालत दमदार पावले टाकणे, चारही धारांवरची अर्धवर्तुळे, एक पाय मागे उंच ताणून सरळ घसरत जाणारा स्पायरल, आणि वॉल्ट्झ एट, म्हणजे वॉल्ट्झ नृत्याच्या तालात बर्फावर काढलेला इंग्रजी आठ, एवढेच असते. जुन्या आकृत्यांचा हा एक धागा अजून शिल्लक आहे. सुरुवातीच्या पायऱ्यांना एक परीक्षक पुरतो, वर तिघे बसतात. निकालपत्रावर पास किंवा रिट्राय, म्हणजे पुन्हा प्रयत्न कर, असे लिहिलेले असते. नापास हा शब्दच तिथे नाही, आणि ज्यांनी हा शब्द निवडला त्यांना मुलांचे मन कळत होते.

परीक्षेच्या दिवशी आजी निराळ्याच दिसतात. सकाळी साडेसहाला रिंकवर दिवे लागलेले असतात, अंबाडे घट्ट बांधलेल्या मुली रांगेत उभ्या असतात, आणि एरवी प्रत्येकाशी बोलणाऱ्या आजी टेबलामागे बसून कोणाकडेही पाहून हसत नाहीत. कारण विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, की एकीकडे पाहून हसले आणि दुसरीकडे पाहायचे राहिले तर ती दुसरी मुलगी बर्फावर उतरण्याआधीच हरलेली असते. माझ्या मुलीची पहिली परीक्षा त्यांच्याचकडे होती. दर शनिवारी हातमोजे देणारी आजी समोर आहे म्हणून ती अगदी निर्धास्त होती. निकाल लागला: रिट्राय. खाली निळ्या शाईत तीन ओळी होत्या. आठाची डावी बाजू उजवीपेक्षा मोठी आहे. पहिल्याच पावलात घाई होते, गुडघा अजून वाकव. स्पायरल सुंदर, मान वर होती. मुलगी गाडीत घरापर्यंत रडली, आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात आले, की एवढी ओळख असून काय उपयोग झाला. संध्याकाळी मुलीने तो कागद फ्रिजवर लावला. तिसरी ओळ तिने बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचलेली मी पाहिली. दीड महिन्याने दुसऱ्या परीक्षकांसमोर ती पास झाली, आणि त्या वेळच्या कागदावर आठाविषयी एकही शब्द नव्हता.

आमच्याकडे तालमीत वस्ताद असतो. स्वतःच्या कुस्त्या संपल्यावर तो आखाड्याच्या कडेला बसतो, पोरांच्या पकडी पाहतो, आणि त्याची फी कोणी कधी विचारत नाही. लहानपणी वडिलांबरोबर मी अशा वस्तादांना पाहिले आहे, आणि परीक्षक आजींना पाहिल्यावर मला लाल मातीचा तो वास आठवला. फरक एवढाच, की वस्ताद आपल्या तालमीचा असतो आणि परीक्षकाला कोणाचेही असून चालत नाही.

फिगर स्केटिंगच्या परीक्षकांविषयी आपल्या लोकांनी बहुधा एकच गोष्ट ऐकलेली असते, २००२च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकची. जोडीच्या स्पर्धेत फ्रेंच परीक्षकाने दबावाखाली मत दिल्याचे प्रकरण निघाले, कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावे लागले, आणि सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत जाऊन २००४मध्ये प्रत्येक उडी-गिरकीला वेगळे गुण देणारी नवी पद्धत आली. ते सगळे खरे आहे आणि व्हायलाच हवे होते. परंतु त्या एका टेबलावरून सगळ्या परीक्षकांना जोखणे मला पटत नाही. साडेसहाच्या थंडीत, कोणीही पाहत नसताना, ओळखीच्या मुलीला रिट्राय लिहिणारा हातसुद्धा परीक्षकाचाच असतो.

क्लबच्या खोलीत एका कपाटात ‘स्केटिंग’ या नियतकालिकाचे जुने अंक बांधून ठेवले आहेत. आजींनीच ते दिले. प्रतीक्षेच्या वेळात मी ते चाळू लागले आणि त्यांतून थेरेसा वेल्ड ब्लँचर्ड या बाईंची ओळख झाली. इथल्याच ब्रुकलाइन गावी १८९३मध्ये त्यांचा जन्म. १९१४मध्ये अमेरिकेची पहिली महिला राष्ट्रीय विजेती, पुढे १९२० ते १९२४ सलग पाच वर्षे पुन्हा त्याच. नॅथॅनियल नाइल्स यांच्याबरोबर जोडीची नऊ विजेतेपदे. १९२०, १९२४ आणि १९२८ अशी तीन ऑलिम्पिक. १९२०ला अँटवर्पमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले, फिगर स्केटिंगमधले अमेरिकेचे ते पहिलेच ऑलिम्पिक पदक. तिथे त्यांनी साल्को नावाची, हवेत एकच फेरी घेणारी साधी उडी मारली म्हणून परीक्षकांनी त्यांना समज दिली, कारण उडी मारणे स्त्रीला शोभत नाही असे तेव्हा मानले जाई. हा प्रसंग मी मुलीला वाचून दाखवला तेव्हा तिला तो खोटाच वाटला, कारण तिच्या वर्गातल्या सगळ्या मुलींना ती उडी शिकायची आहे. इतके होऊन या बाई खेळापासून दूर गेल्या नाहीत. १९२३च्या डिसेंबरात हे नियतकालिक सुरू झाले आणि १९६३पर्यंत, चाळीस वर्षे, त्या त्याच्या संपादक होत्या. परीक्षक म्हणून बसल्या. ऑलिम्पिक संघाची व्यवस्था पाहिली. कोणत्या गावात कोणी कोणती परीक्षा पार केली याच्याही नोंदी या अंकांतून आहेत, आणि त्या छोट्या टाइपातल्या नावांच्या याद्या पाहताना त्यांतले प्रत्येक नाव कोणीतरी निवडून, तपासून, हाताने लिहून पाठवले असेल, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

१९६१च्या अंकांपाशी आजी कपाट बंद करतात. त्या वर्षी १५ फेब्रुवारीला ब्रुसेल्सजवळ सबेना कंपनीचे विमान कोसळले आणि प्रागच्या जागतिक स्पर्धेला निघालेला अमेरिकेचा संपूर्ण संघ, अठरा स्केटर, त्यांचे प्रशिक्षक आणि नातेवाईक यांच्यासह गेला. ऑलिम्पिक पदक मिळवून नंतर प्रशिक्षक झालेल्या बॉस्टनच्या मॅरिबेल व्हिन्सन ओवेन आणि त्यांच्या दोन्ही मुली त्यात होत्या. त्याच विमानात हॅरल्ड हार्टशॉर्न आणि एडवर्ड लमेअर हे परीक्षक आणि वॉल्टर पॉवेल हे पंचही होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. हार्टशॉर्न हे आधी बर्फावरच्या नृत्याचे राष्ट्रीय विजेते होते. लमेअर यांच्याबरोबर त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा होता. आजी तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. खेळाडूंच्या जागा नवी मुले भरून काढतील असे सगळे म्हणत होते, पण टेबलामागच्या जागा कोण भरणार असे त्यांच्या आईने विचारले होते, आणि बारा-तेरा वर्षांनी त्यांनी परीक्षकासाठी अर्ज केला तेव्हा त्यांना तेच वाक्य आठवत होते. २९ जानेवारी २०२५ला वॉशिंग्टनजवळ झालेल्या विमान अपघातात स्केटिंग क्लब ऑफ बॉस्टनची सहा माणसे गेली, दोन मुले, त्यांच्या आया आणि दोन प्रशिक्षक. त्या शनिवारी आमचे वर्ग रद्द झाले नाहीत. आजी नेहमीप्रमाणे फाटकाशी होत्या. फक्त त्या दिवशी त्यांनी प्रत्येक मुलाच्या हेल्मेटचा पट्टा लावून झाल्यावर क्षणभर हात तिथेच ठेवला.

तक्रारी आहेत आणि त्या लिहायलाच हव्यात. आमची रिंक हॉकीबरोबर वाटून घ्यावी लागते आणि चांगल्या वेळा हॉकीला जातात; हॉकीसाठी बर्फही अधिक थंड आणि कडक ठेवतात, फिगर स्केटिंगला उणे तीन-चार अंशांचा, किंचित मऊ बर्फ लागतो, तो आम्हाला क्वचितच मिळतो. वेळापत्रक ऐन वेळी बदलते आणि तसे कळवणारा ईमेल कधी कधी वर्ग संपल्यावर येतो. गटात दहाहून अधिक मुले झाली तर प्रत्येकाच्या वाट्याला शिकवणाऱ्याची दोन मिनिटेही येत नाहीत, हे दोन सत्रांत अनुभवले. पालकांच्या बाकांवर ऊब नाही, जानेवारीत पायांखाली पुठ्ठा टाकून बसावे लागते. आणि खर्चाविषयी स्पष्ट सांगते: गटवर्गांपर्यंत तो पोहण्याच्या वर्गाइतकाच आहे, पण परीक्षा आणि स्पर्धांच्या वाटेला लागल्यावर वैयक्तिक शिकवणी, बर्फाचे भाडे, बूट आणि पाती यांचा हिशेब वेगाने वाढतो, आणि ते आधी कोणी सांगत नाही. ज्यांना मुलाने फक्त बर्फावर निर्भयपणे उभे राहावे असे वाटते त्यांनी बेसिकच्या चौथ्या पायरीपर्यंत जरूर घालावे आणि तिथे थांबले तरी काही बिघडत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना मी घाई करणार नाही. मोठ्यांसाठीही वर्ग आहेत. चाळिशीनंतर शिकायला लागलेल्या दोघीजणी आमच्याच रिंकवर येतात आणि मजेत असतात.

नव्या पालकांना माझी एक विनंती असते, की पहिल्या सत्रानंतर क्लबला काही मदत हवी का ते विचारावे. मला गेल्या हिवाळ्यात परीक्षेच्या दिवशी कागद पोहोचवण्याचे काम मिळाले. परीक्षकाने निकालपत्र लिहून घडी केली की ते टेबलावरून उचलायचे आणि रिंकच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीत नोंद करणाऱ्या बाईंकडे द्यायचे, वाटेत उघडायचे नाही. मार्चमधल्या परीक्षेत माझी मुलगी पुढच्या पायरीसाठी पुन्हा आजींसमोर होती. तिचे झाले, आजींनी बराच वेळ लिहिले, कागदाची घडी केली, माझ्या हातात दिली आणि पुढच्या मुलीकडे पाहू लागल्या. मी काचेच्या कडेकडेने चालत त्या खोलीपर्यंत गेले आणि घडी तशीच टेबलावर ठेवली.